‘श्वास चालू आहे’: महाविद्यालयाच्या मैदानावरील नऊ मिनिटे

नवी मुंबईत ट्रान्स-हार्बर लोकलमार्गालगतच्या एका वरिष्ठ महाविद्यालयाच्या मैदानावर, दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरच्या आठवड्यात, आंतरविभागीय फुटबॉल सामना चालू असताना तृतीय वर्ष वाणिज्य शाखेचा २० वर्षांचा एक विद्यार्थी धावता धावता कोसळला. कोणाशी टक्कर झाली नव्हती, चेंडूही त्याच्यापासून दूर होता. मैदानावर आणि कट्ट्यावर मिळून त्या वेळी सुमारे साठ जण होते आणि जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात मोबाइल होता. तरीही १०८ क्रमांकावर पहिला फोन गेला तो चौथ्या मिनिटाला, आणि महाविद्यालयाच्याच मालकीचे हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र त्याच्या छातीला लागले ते नवव्या मिनिटाला. विद्यार्थी वाचला. तो वाचला म्हणूनच या नऊ मिनिटांकडे थोडे शांतपणे पाहता येते.

ही मांडणी विद्यार्थ्याच्या व त्याच्या पालकांच्या संमतीने केली असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. एक गोष्ट आरंभीच नोंदवणे आवश्यक आहे. छातीदाब (हृदय थांबल्यावर रक्त फिरते राहावे म्हणून छातीवर तालात दिला जाणारा दाब) देत असलेल्या विद्यार्थिनीला ज्या शिक्षकाने मध्येच थांबवले, तो प्रस्तुत लेखकच होय. या कारणाने महाविद्यालयाने नेमलेल्या तीन सदस्यांच्या चौकशी समितीत मी नव्हतो. समितीसमोर मी साक्ष दिली आणि अहवाल पूर्ण झाल्यावर सर्व कागद मला पाहता आले. वेळांची जुळणी तीन साधनांवरून केली आहे: जिमखान्याच्या भिंतीवरील कॅमेरा, मोबाइलमधील कॉलच्या नोंदी आणि एका विद्यार्थ्याने काढलेला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. कॅमेऱ्याचे घड्याळ तीन मिनिटे पुढे होते, हे कॉलच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर लक्षात आले. व्हिडिओ काढणाऱ्या मुलावर पुढे पुष्कळ टीका झाली. पण समितीला सर्वांत विश्वसनीय पुरावा त्याच्याच मोबाइलमधून मिळाला, हेही खरे आहे.

पहिली साडेतीन मिनिटे

विद्यार्थी ४ वाजून ४२ मिनिटांनी पडला. पडल्यावर त्याचे हातपाय काही सेकंद झटके देत होते आणि डोळे उघडे, वर लागलेले होते. जवळच्या खेळाडूंपैकी कोणीतरी ‘फिट आली, फिट आली’ असे ओरडले आणि त्या एका शब्दाने पुढच्या साडेतीन मिनिटांची दिशा ठरवून टाकली. फिट म्हटल्यावर आपल्याकडे जे होते तेच झाले. एकाने बूट काढून नाकाशी धरला, दुसऱ्याने दुचाकीची किल्ली त्याच्या मुठीत कोंबली, तिसरा कॅन्टीनकडे कांदा आणायला पळाला आणि चौथ्याने तोंडावर पाण्याची बाटली रिकामी केली. फिट आलेल्या माणसालाही यांपैकी कशाचाच उपयोग नसतो. फिट साधारणपणे आपोआप थांबते आणि चप्पल हुंगवताना थांबली की श्रेय चप्पलेला मिळते.

झटके थांबल्यावर तो निपचित पडला, पण मधूनमधून तोंड उघडून घशातून आवाज काढत एखादा मोठा श्वास ओढल्यासारखे करत होता. व्हिडिओत हे स्पष्ट ऐकू येते. त्याच व्हिडिओत मागून एक आवाज म्हणतो, ‘श्वास चालू आहे, घोरतोय, थोडं पडू द्या.’ या वाक्यावर साऱ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि खरी गफलत इथेच झाली.

हृदयाची विद्युतव्यवस्था अचानक बिघडून त्याचे ठोके नुसते थरथरू लागले की मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह तत्क्षणी थांबतो आणि दहा-पंधरा सेकंदांच्या आत शुद्ध हरपते. प्राणवायू तुटल्यामुळे सुरुवातीला फिटसारखे झटके येऊ शकतात. त्यानंतर मेंदूच्या बुडाशी असलेला, श्वास चालवणारा भाग काही मिनिटे अडखळत धडपडतो. त्यातून दर काही सेकंदांनी एखादा आचका निघतो. हा श्वास नव्हे. त्याने फुप्फुसात पुरेशी हवा जात नाही आणि रक्त तर फिरतच नसते. अशा आचक्यांना आपल्या भाषेत फार जुना शब्द आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी हे दृश्य पाहिले असते तर त्यांनी ‘घोरतोय’ म्हटले नसते, ‘ऊर्ध्व लागलाय’ म्हटले असते. वीस वर्षांच्या मुलाला ऊर्ध्व लागू शकतो हे मात्र मैदानावरच्या कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते. आणि ज्या पिढीने मृत्यू घरात नव्हे, तर अतिदक्षता विभागाच्या दारामागे घडताना पाहिला, तिच्या कानांना हा आवाज ओळखीचा असण्याचेही कारण नाही.

हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणे यांतला फरकही इथे महत्त्वाचा आहे. झटक्यात हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा येतो. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छाती दाबून धरतो, घामाघूम होतो. हृदय बंद पडले की माणूस बोलता बोलता, धावता धावता कोसळतो. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये युरो चषकाच्या सामन्यात डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन असाच कोणाचा धक्का न लागता पडला होता. त्याला मैदानावरच छातीदाब व विजेचा झटका मिळाला, तो वाचला आणि गरज पडल्यास हृदयाला आपोआप झटका देणारे छोटे यंत्र छातीत बसवून पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळू लागला. आमच्या मैदानावरच्या अनेक मुलांनी ते दृश्य मोबाइलवर पाहिलेले होते. पाहिलेले आठवते, पण समोर आलेले ओळखू येतेच असे नाही.

कळवणे आणि बोलावणे

समितीने गोळा केलेल्या कॉलच्या नोंदींमध्ये पहिल्या साडेतीन मिनिटांत सहा फोन गेलेले दिसतात. दोन क्रीडा संचालकांना, एक वर्गशिक्षिकेला, एक विद्यार्थी प्रतिनिधीला, एक वसतिगृहातल्या मित्राला आणि एक त्या विद्यार्थ्याच्या मोठ्या भावाला, जो त्या वेळी डोंबिवलीला होता. शिवाय एक मुलगा प्रत्यक्ष धावत जिमखान्यात गेला. क्रीडा संचालक प्राचार्यांच्या दालनात मूल्यांकनाच्या फायलींवरील बैठकीत होते आणि शिस्तीप्रमाणे त्यांचा फोन सायलेंटवर होता.

म्हणजे मुले स्वस्थ बसली नव्हती. ती धावपळ करत होती; फक्त त्यांची सगळी धावपळ वरच्या दिशेने चालली होती. समितीसमोर बहुतेकांनी ‘आम्ही लगेच सरांना कळवलं’ हेच वाक्य सांगितले आणि ते त्यांनी कर्तव्य पार पाडल्याच्या स्वरात सांगितले, यात मला त्यांचा दोष दिसत नाही. ओळखपत्र विसरले तर सरांना सांगा, पंखा बंद पडला तर अर्ज द्या, बाहेरच्या व्यक्तीला आवारात बोलवायचे तर आधी परवानगी घ्या, अशा वातावरणात तीन वर्षे काढलेल्या मुलाला, रुग्णवाहिका मात्र कोणालाही न विचारता बोलवायची असते, हे कोण सांगणार? माझ्या मते या प्रकरणाचे मर्म यातच आहे: आमच्याकडे कळवण्याची सवय उत्तम होती, बोलावण्याची नव्हती, आणि कळवले म्हणजे बोलावले, असा सर्वांचा समज होता.

गर्दीच्या मानसशास्त्राचाही इथे वाटा आहे. डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात न्यूयॉर्कच्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर चर्चा करायला लावली होती आणि चर्चेतल्या एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला होता. ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी ८५ टक्के विद्यार्थी आवाज संपण्यापूर्वीच मदतीसाठी उठले. आपल्याखेरीज आणखी चार जण ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी केवळ ३१ टक्के. आमच्या मैदानावर साठ जण होते. त्यांपैकी अनेकांनी सांगितले की रुग्णवाहिकेला कोणीतरी फोन केला असेलच असे त्यांना वाटले.

ही कोंडी फोडली ती प्रथम वर्ष विज्ञानाच्या एका विद्यार्थिनीने. ती एनसीसीच्या परेडसाठी मैदान ओलांडत होती. तिने गर्दीत वाट काढून त्याचे खांदे हलवले, मोठ्याने हाक मारली, छातीकडे काही सेकंद निरखून पाहिले आणि ‘हा श्वास नाहीये’ एवढेच म्हणून दोन्ही हातांनी छातीच्या मधोमध दाब द्यायला सुरुवात केली. दाब देत असतानाच तिने पाठीवर ७ क्रमांक असलेल्या एका मुलाकडे मान वळवून ‘सात नंबर, तू १०८ लाव, स्पीकरवर ठेव’ असे सांगितले. ‘कोणीतरी फोन करा’ असे ती म्हणाली नाही. वर सांगितलेला प्रयोग तिने वाचलेला नव्हता. प्रशिक्षणात हवालदारांनी एका माणसाकडे बोट दाखवून काम सांगायला शिकवले होते, असे ती समितीला म्हणाली.

माझे चाळीस सेकंद

मी तिथे पोहोचलो तेव्हा दाब सुरू होऊन पाऊण मिनिट झाले होते. मला दिसले ते असे की एक अठरा वर्षांची मुलगी बेशुद्ध मुलाच्या छातीवर सगळा भार टाकून आदळते आहे आणि तो अधूनमधून आचके देतो आहे. मी म्हणालो, ‘अगं थांब, तो श्वास घेतोय. बरगडी मोडली तर कोण जबाबदार?’ ती थांबली, कारण मी शिक्षक होतो. कॅमेऱ्यावरून मोजले तर तो खंड चाळीस सेकंदांचा आहे. मग तिने वर पाहून म्हटले, ‘सर, मग तुम्ही दाबा. नाहीतर मला दाबू द्या.’ मी बाजूला झालो आणि ती पुन्हा सुरू झाली. थोड्या वेळाने ती दमल्यावर सात नंबरच्या शेजारच्या मुलाने तिची जागा घेतली आणि मी मोठ्याने आकडे मोजू लागलो, इतपत उपयोगी पडलो.

माझ्या वाक्यात दोन चुका होत्या. पहिली ओळखण्याची, तिचे विवेचन वर आलेच आहे. माणूस हाकेला प्रतिसाद देत नसेल आणि त्याचा श्वास नेहमीसारखा नसेल, तर छातीदाब सुरू करायचा असतो. नाडी शोधत बसू नये, कारण घाबरलेल्या अनभ्यस्त बोटांना ती सापडत नाही किंवा स्वतःचीच लागते. खरोखर फिट असेल तर झटके थांबल्यावर श्वास संथ आणि नियमित होतो. साखर उतरलेला माणूस घामाने भिजलेला असतो, बरळतो, पण श्वास घेत असतो. शंका राहिली तर दाबच द्यावा. हृदय चालू असलेल्या माणसाला दाब दिला गेल्यास तो कण्हतो, हात झटकतो आणि आपण थांबतो; त्याचे फारसे बिघडत नाही. उलट बाजूची चूक मात्र दुरुस्त होत नाही. छातीदाब आणि विजेचा झटका यांपैकी काहीच मिळाले नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. दाब चालू असेल तर ही घसरण ३ ते ४ टक्क्यांवर येते. दाब मिनिटाला १०० ते १२० या गतीने आणि प्रौढ व्यक्तीत ५ ते ६ सेंटिमीटर खोल जावा लागतो. एवढ्या खोलीवर बरगडी मोडू शकते, आणि या विद्यार्थ्याची एक मोडलीही. ती दीड महिन्यात सांधली.

दुसरी चूक ‘कोण जबाबदार’ या शब्दांत होती. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे मोटार वाहन कायद्यातील कलम १३४-अ हे २०१९ च्या दुरुस्तीने आले, परंतु ते रस्त्यावरील वाहन अपघातांपुरते आहे. खेळाच्या मैदानाला ते लागू नाही. मात्र एखाद्याच्या भल्यासाठी, तो संमती देण्याच्या स्थितीत नसताना, सद्भावनेने केलेल्या कृतीला पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ९२ ने संरक्षण दिलेले होते आणि आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये आहे. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर मी वेगळे वागलो असतो, असा दावाही मी करणार नाही. मला भीती कायद्याची नव्हती, उद्या दालनात बोलावून विचारणा होईल याची होती.

सेक्टर ८, पण कुठला?

सात नंबरच्या मुलाने १०८ ला ‘सेक्टर ८ मधलं कॉलेज, नवी मुंबई’ असा पत्ता सांगितला. नवी मुंबई ज्यांच्या अंगवळणी पडली आहे त्यांना यातली अडचण लगेच कळेल. सिडकोने हे शहर नोडनोडने, म्हणजे वाशी, नेरुळ अशा स्वतंत्र उपनगरांनी, वसवले आणि प्रत्येक नोडचे सेक्टर पुन्हा १ पासून सुरू होतात. त्यामुळे वाशीतही सेक्टर ८ आहे, नेरुळमध्येही आहे, ऐरोलीतही आहे. शिवाय १०८ ची सेवा संपूर्ण राज्यासाठी एकत्रित चालते आणि फोन घेणारी व्यक्ती परगावी बसलेली असते, तेव्हा कोणत्या स्टेशनजवळ, पूर्वेला की पश्चिमेला, रेल्वेच्या कोणत्या बाजूला, हे विचारण्यात आणि सांगण्यात पाऊण मिनिट गेले. पोलीस, अग्निशमन व वैद्यकीय अशा सर्व मदतीसाठीचा ११२ हा क्रमांक मुलांना ठाऊक होता, पण तो ‘पोलिसांचा’ आहे असा त्यांचा समज होता.

रुग्णवाहिका ५ वाजून १ मिनिटाने आली, म्हणजे पत्ता कळल्यापासून साधारण चौदा मिनिटांत; संध्याकाळच्या वाहतुकीत हे वाईट नव्हे. परंतु मोबाइलच्या नकाशावर महाविद्यालयाची खूण मागच्या फाटकावर आहे. ते फाटक बाहेर लागणाऱ्या दुचाक्यांमुळे गेली कित्येक वर्षे कुलूपबंद होते आणि किल्ली नेमकी कोणाकडे, याबद्दल चौकीदार व इस्टेट विभाग यांच्यात एकवाक्यता नव्हती. रुग्णवाहिका वळसा घालून पुढच्या फाटकातून आत येईपर्यंत आणखी तीन मिनिटे गेली.

सुदैवाने तोवर निर्णायक गोष्ट घडून गेली होती. माजी विद्यार्थ्यांनी आदल्या वर्षी महाविद्यालयाला एक एईडी यंत्र भेट दिले होते. अशा यंत्रात दोन चिकट पट्ट्या छातीला लावल्या की ते स्वतःच हृदयाची लय तपासते, झटक्याची गरज असेल तरच देते आणि प्रत्येक पायरी बोलून सांगते; ते वापरायला डॉक्टर लागत नाही. भेटीच्या दिवशी फोटो निघाले, यंत्राची डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंद झाली आणि मौल्यवान वस्तू म्हणून ते प्राचार्यांच्या दालनाबाहेरील काचेच्या कपाटात कुलपात गेले. विद्यार्थिनीने ‘एईडी आहे का?’ असे दोनदा विचारले तेव्हा मैदानावर कोणालाही, मलाही, ते आठवले नाही. आठवले ते गर्दी पाहून आलेल्या कार्यालयातील कनिष्ठ लिपिकाला, कारण रजिस्टरमधली नोंद त्याच्याच हातची होती. तो परत धावला. किल्ली ज्यांच्याकडे होती ते वरिष्ठ लिपिक बँकेत गेले होते, म्हणून त्याने पेपरवेटने काच फोडली. (त्या काचेबद्दल त्याच्याकडून पुढे लेखी खुलासा मागवण्यात आला. तो मागवणाऱ्यांनी नंतर परत घेतला.) पहिला झटका ४ वाजून ५१ मिनिटांनी बसला, दुसरा दोन मिनिटांनी, आणि त्यानंतर काही वेळाने विद्यार्थ्याचा हात हलला.

आधीच्या खुणा आणि नंतरचे

रुग्णालयात झालेल्या तपासण्यांत हृदयाचे स्नायू जन्मजात दोषामुळे जाड झाल्याचे निदान झाले. तरुण खेळाडूंमध्ये खेळताना येणाऱ्या आकस्मिक मृत्यूंच्या प्रमुख कारणांपैकी हे एक आहे आणि ते पुष्कळदा घराण्यात असते. त्याच्या एका काकांचा चौतिसाव्या वर्षी झोपेत मृत्यू झाला होता. तो स्वतः ऑगस्टमधल्या सरावात दोनदा धावताना चक्कर येऊन पडला होता. ‘उपाशी आला असेल, उकाडा किती आहे’ असे म्हणून त्याला दोन्ही वेळा ग्लुकोजचे पाणी देण्यात आले. उन्हात बराच वेळ उभे राहून येणारी भोवळ आणि भर धावण्यात हरपलेली शुद्ध या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी झाली तर तपासणीशिवाय मैदानावर परत सोडू नये, हे क्रीडा विभागात कोणी कधी सांगितलेच नव्हते. खेळाडूंच्या तंदुरुस्तीचा अर्ज होता, पण त्यावर सही घेतली जाई, प्रश्न विचारले जात नसत.

विद्यार्थ्याच्या छातीत यंत्र बसवले आहे. सुरुवातीचे काही महिने त्याला नुकतेच घडलेले लक्षात राहत नसे. सहाव्या सत्राची परीक्षा त्याला एक वर्ष पुढे ढकलावी लागली. आता तो पदवीधर आहे. तो दिवस त्याला अजिबात आठवत नाही. भावाचा मिस्ड कॉल मात्र त्याने अजून मोबाइलमध्ये ठेवला आहे.

समितीच्या अहवालात अठरा शिफारशी होत्या. त्यांतल्या बहुतेक कागदावर राहिल्या आणि माझ्या मते त्यातून फार नुकसान झाले नाही, कारण ज्या अमलात आल्या त्याच कामाच्या होत्या. एईडी यंत्र आता जिमखान्याच्या दाराशी, कुलूप नसलेल्या पेटीत आहे. प्रत्येक मजल्यावर, कॅन्टीनमध्ये आणि दोन्ही फाटकांवर एक पाटी लावली आहे. तिच्यावर १०८ व ११२ हे क्रमांक, नोडच्या नावासह पूर्ण पत्ता, स्टेशनची बाजू आणि ‘आधी फोन करा, मग सरांना सांगा’ हे वाक्य आहे. या वाक्यावर प्राध्यापक सभेत पाऊण तास चर्चा झाली. ‘सरांना’ऐवजी ‘संबंधित प्राधिकाऱ्यांना’ असावे अशी सूचना आली होती. त्या विद्यार्थिनीला विचारले असता ती म्हणाली, ‘धावताना तेवढं वाचता येणार नाही.’

पुढच्या जानेवारीत पूर्वसूचना न देता सराव घेतला. मैदानावर पुतळा ठेवून एका मुलाने आरोळी ठोकली. छातीदाब ३५ सेकंदांत सुरू झाला, पहिला फोन ५० सेकंदांत लागला आणि यंत्र पावणेदोन मिनिटांत पोहोचले. मागच्या फाटकाची किल्ली चौकीदाराच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगलेली होती आणि त्याने कुलूपही लगेच काढले. फाटक मात्र अर्धेच उघडले, कारण बाहेर दुचाक्या लागलेल्या होत्या.